लेस हातातच राहिली

डिसेंबरातली गोष्ट. सकाळचे सहा वाजायचे होते, नाशिकच्या त्र्यंबक रोडच्या बाजूचं आमचं ग्राउंड, आणि थंडी अशी की स्टॉपवॉच धरलेला हात स्वेटरच्या बाहीतून बाहेर काढवत नव्हता. पोरं वॉर्मअप संपवून बूट बदलत होती. त्यातली एक, नववीतली, मरून स्वेटरवाली, पायरीवर बसली होती, एक पाय दुमडलेला, डाव्या बुटाची लेस दोन्ही हातात. मी वहीत तारीख टाकली, वर बघितलं तर ती तशीच. लेसचा पहिला फास झाला होता, दुसरा घ्यायचा राहिला होता, आणि पोरगी झोपली होती. मान पुढं आलेली, तोंड थोडं उघडं, तोंडातून वाफ निघतेय, आणि बोटांनी लेस अजून धरलेली. दहा-पंधरा सेकंद असतील फार तर. मग सरांचं लक्ष गेलं आणि त्यांनी लांबूनच आवाज टाकला, "ए, झोपायला आलीस का गं इथं?" पोरं हसली. ती दचकून उठली, लेस कशीबशी ओढली आणि पळत जाऊन लाइनीत उभी राहिली, चेहरा असा की चोरी करताना सापडलीय.

मी तरी काय वेगळं केलं. रन झाल्यावर ती टायमिंग विचारायला माझ्याजवळ आली तेव्हा मी म्हणाले, "अगं लवकर झोपत जा ना जरा. दहाला मोबाइल बाजूला ठेवायचा." ती म्हणाली, "काकू, मोबाइल नाहीये माझ्याकडं." आणि जरा थांबून, "पप्पांची सेकंड शिफ्ट आहे ना."

एवढंच बोलली.

मला ते तेव्हा नीट कळलंच नाही. पप्पांच्या शिफ्टचा आणि हिच्या झोपेचा काय संबंध, असा विचार करेपर्यंत ती सायकलवर टांग मारून शाळा गाठायला निघूनही गेली. पण दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. ऑफिसात कॉम्प्युटरसमोर, घरी भाकरी थापताना, आणि रात्री तर जास्तच, कारण गेली दोन वर्षं माझी झोप साडेतीनला मोडते, अगदी गजर लावल्यासारखी. सत्तेचाळीस वय, डॉक्टरबाई म्हणाल्या या वयात बायकांचं होतं असं, आणि खरंय, मैत्रिणींना विचारलं तर निम्म्या जणी त्याच वेळी छताकडं बघत पडलेल्या असतात. लांबची कुत्री ऐकायची, फ्रीज सुरू झालेला बंद झालेला ऐकायचा. झोपेबद्दल मिळेल ते वाचायला लागले ते तेव्हापासून. आधी स्वतःसाठी. मग वाचता वाचता लक्षात यायला लागलं की पळण्याचं शास्त्र आणि झोपेचं शास्त्र इतकं एकमेकांत गुंतलंय की एक धागा ओढला की दुसरा हलतो, आणि कॉलेजात ८०० मीटर पळायचे तेव्हा यातलं अक्षरही मला कुणी सांगितलं नव्हतं.

तर त्या रात्री साडेतीनला उठून मी वही काढली. चार वर्षं मी सरांना मदत म्हणून ग्राउंडवर जाते, टायमिंग घेणं आणि लिहून ठेवणं हे माझं काम. तारीख, अंतर, वेळ, आणि मागच्या वर्षीपासून मी स्वतः वाढवलेला एक कॉलम, 'किती जड गेलं'. ही कल्पना माझी नाही, स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची. त्यांनी ६ ते २० अशी पट्टी केली, ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत आणि २० म्हणजे आता एक पाऊलही पुढं टाकणं शक्य नाही. ६ पासून का, तर आकड्यावर एक शून्य चढवलं की साधारण हृदयाचे ठोके येतात, ६० ते २००. पोरांना आवडतं ते सांगायला. तर तिचं पान काढलं, १५०० मीटर. ५:१४, ५:१२, मग एकदम ५:२६. पुन्हा ५:१३, ५:१२, ५:२५. सर म्हणायचे पोरगी मूडी आहे, आणि मीही मान डोलवायचे. शेजारचा कॉलम बघितला तर त्या वाईट आठवड्यांत साध्या जॉगिंगसमोर १७ लिहिलेलं, एकदा तर १८. दर तिसऱ्या आठवड्याला. फर्स्ट, सेकंड, थर्ड. कंपनीतली शिफ्ट फिरत होती आणि तिच्याबरोबर पोरीचं टायमिंग फिरत होतं.

वही माझ्याच अक्षरातली होती, आणि मला ते दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला सायकल लावते तिथं गाठलं आणि सरळ विचारलं. तिनंही सरळ सांगितलं, त्यात तिला काही विशेष वाटतच नव्हतं. सातपूरच्या पुढं एक खोली आणि पुढं छोटीशी पडवी. आई, पप्पा, ही आणि धाकटा भाऊ. सेकंड शिफ्ट साडेअकराला सुटते, पप्पा बाराला घरी. मग ट्यूबलाइट लागते, कारण एकच आहे. मम्मी भाजी गरम करते, पप्पा आंघोळ करतात, कंपनीतलं ऑइल अंगाला लागलेलं असतं म्हणून आंघोळ लागतेच, मग जेवण, आणि जेवताना दोघं बोलतात, कारण दिवसभरात नवराबायकोला बोलायला तेवढीच वेळ. सगळं आवरून लाइट बंद व्हायला पाऊण वाजतो. आणि हिचा गजर सव्वाचारचा. "अकराला झोपते मी काकू, पण परत उठायलाच लागतं, मग झोप लागत नाही ना लगेच." साडेतीन तास. फार तर त्याआधीचा एखादा तुकडा. आणि त्यावर ही पोरगी १५०० मीटर ५:२६ मध्ये पळत होती.

हे ऐकताना मला माझे वडील आठवले. तेही शिफ्टला, अंबडला. त्यांची नाइट असली की सकाळी आठला घरी यायचे आणि आई खिडकीवर जाड सोलापुरी चादर लावायची, वर दोन खिळे कायमचे ठोकून ठेवले होते त्यासाठी. दिवसभर घरात कुजबुज. "शूऽऽ, बाबा झोपलेत." कुकरला शिट्टी व्हायची वेळ आली की आई गॅस बारीक करून शिट्टी हातानं अलगद उचलायची, वाफ फुस्स करून हळू सोडायची. दूधवाल्याला सांगून ठेवलेलं, कडी वाजवू नको. आम्ही भावंडं मागच्या ओट्यावर सागरगोटे खेळायचो, तेही फडक्यावर, आवाज नको म्हणून. सगळं घर त्या एका माणसाच्या झोपेभोवती पाय न वाजवता फिरायचं. आणि बरोबरच होतं ते, त्या झोपेवर घर चालत होतं. पण लेकरांच्या झोपेचं कुणी असं कधी केलं का? आम्हाला पहाटे पाचला पांघरूण ओढून उठवलं जायचं, अभ्यासाला, आणि उठलो नाही तर 'आळशी' हा शब्द तयारच असायचा. लवकर निजे लवकर उठे हे सगळ्यांना पाठ, पण घरोघरी अंमल फक्त दुसऱ्या अर्ध्या भागाचा.

आता त्या ५:२६ बद्दल. मला आधी वाटायचं की झोप झाली नाही म्हणजे अंगातली ताकद जाते, फुप्फुसं कमी चालतात, हृदय थकतं. तसं नाहीये. एखाद्या रात्री जागरण झालं तरी हृदयाचे ठोके, ऑक्सिजन घ्यायची कमाल क्षमता, स्नायूचा जोर, हे जवळपास तसंच राहतं. १९८१ साली अमेरिकेत एका प्रयोगात माणसांना ३६ तास जागं ठेवून दमेपर्यंत ट्रेडमिलवर चालवलं. ठोक्यांमध्ये फरक नाही, पण सरासरी ११ टक्के आधीच ती माणसं थांबली. कारण तेच कष्ट त्यांना जास्त जड वाटले. म्हणजे गाडी तीच, पेट्रोल तेवढंच, पण डोकं आधीच ब्रेकवर पाय ठेवतं. माझ्या वहीतला तो १७ आकडा म्हणजे नेमकं हेच होतं. तिचे पाय कमी पडत नव्हते, तिला ते पळणं आतून वेगळंच लागत होतं. आणि आपण बाहेरून बघणारे म्हणतो, मन लावून पळत नाहीये.

यातली मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट अॅडेनोसिनची. स्नायू आकसायला जी शक्ती लागते ती एटीपीतून येते, हे पोरांना दहावीच्या आत शाळेतच शिकवतात. ते एटीपी मोडत मोडत गेलं की त्यातून उरतो तो अॅडेनोसिन. जागेपणी मेंदूत हा जमत जातो, तास वाढतील तसा वाढतो, आणि तो वाढला की झोपेचा दाब वाढतो. झोपलं की निचरा होतो. चहा-कॉफीनं तरतरी येते ती कशी, तर कॅफिन त्या अॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, निरोप पोचूच देत नाही, पण अॅडेनोसिन कुठं गेलेला नसतो, तो बाहेर साचतच राहतो. ज्यावर धावायचं तेच इंधन, आणि त्याच्याच राखेतून झोप येते. मला हे वाचून कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नाही. पायरीवर लेस धरून बसलेल्या त्या पोरीच्या मेंदूत ही राख किती साचली असेल, की दोन फासांच्या मधल्या क्षणात ती झोपेत गेली.

आजी म्हणायची, लेकरू झोपेत वाढतं. निफाडकडची माझी आजी, द्राक्षाच्या बागेत उभा जन्म गेला, शाळेचं तोंड बघितलं नाही. तान्ह्या पोराला झोपेतून उचललं की चिडायची. १९६८ साली शास्त्रज्ञांनी झोपलेल्या माणसांचं रक्त थोड्या थोड्या वेळानं तपासलं तेव्हा दिसलं की ग्रोथ हॉर्मोनची मोठी लाट झोप लागल्यावर पहिल्या गाढ झोपेबरोबर येते. म्हणजे ग्राउंडवर आपण स्नायू झिजवतो, त्याचे बारीक धागे तुटतात, आणि ते बांधायचं काम बरंचसं रात्री अंथरुणात होतं. प्रॅक्टिस हा सराव नव्हेच एका अर्थानं, ती नुसती ऑर्डर आहे, माल रात्री तयार होतो. आणि शरीर इमानदार असतं, झोप कमी मिळाली तरी आधी ही गाढ झोप वसूल करून घेतं. मग कात्री कुठं लागते, तर रात्रीच्या शेवटच्या भागाला. साधारण दीड-दीड तासाचे फेरे असतात, सुरुवातीच्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त, पहाटेच्या फेऱ्यांत हलकी झोप आणि स्वप्नांची झोप जास्त. सव्वाचारचा गजर तेवढाच भाग रोज कापतो.

आणि तो भाग काही फालतू नाही. सर गेले दोन महिने तिच्या उजव्या हाताच्या मागं लागलेत, पळताना हात छातीसमोर आडवा येतो, तो सरळ मागं-पुढं जायला हवा. सकाळी शिकवलं की जमतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा आडवा. सरांचा संताप होतो. २००२ साली हार्वर्डमधल्या एका प्रयोगात लोकांना बोटांनी एक क्रम भरभर टाइप करायला शिकवला, आणि नंतर नुसतं एक रात्र झोपू दिलं, मध्ये सराव शून्य. सकाळी वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला. तेवढेच तास जागं राहिलं तर असं होत नव्हतं. आणि ही वाढ कुठल्या झोपेशी जुळत होती, तर पहाटेच्या त्या हलक्या झोपेशी. हात हलवायचं वळण बसवायचं काम जिथं होतं तोच तुकडा आपण गजर लावून कापतो आणि मग म्हणतो हिच्या डोक्यात काही शिरत नाही.

मी हे सरांना सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत हे आधी लिहिते, स्वतःच्या खिशातून पोरांना बूट घेतात ते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आम्ही पण असेच घडलो. सवय होते शरीराला." आणि मग सावरपाड्याचं नाव निघालं. आमच्याकडं प्रत्येक ग्राउंडवर ते निघतंच, आणि अभिमानानंच निघतं. कविता राऊत आमच्या जिल्ह्याची, सावरपाड्याचीच, २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये १० हजार मीटरला ब्राँझ, त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडला सिल्व्हर. तेव्हाची रात्र मला आठवते, टीव्हीसमोर उभी राहून रडले होते मी. पाड्यावरून उठून पोरगी इथवर गेली, हे पोरांनी ऐकायलाच हवं. पण त्या गोष्टीतून आपण नेमकं काय उचलतो? हाल सोसले म्हणून मेडल आलं, असं. मला ते पटत नाही. हाल असूनही आलं, असं म्हणावं. आणि जी पोरं हालांमुळं सातवी-आठवीतच पळायची बंद झाली त्यांची नावं कुठल्या ग्राउंडवर निघत नाहीत.

'सवय होते' याचंही तसंच. २००३ साली अमेरिकेत ४८ निरोगी माणसांना घेऊन प्रयोग झाला, काहींना दोन आठवडे रोज सहा तासच झोपू दिलं. दोन आठवड्यांनी त्यांची लक्ष देण्याची क्षमता, चटकन प्रतिसाद देणं, इतकं घसरलं होतं की सलग एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखं. आणि त्यांना विचारलं तर म्हणत होते, थोडी झोप येते, बाकी ठीक आहे. म्हणजे शरीराला सवय होत नाही, आपलं आपल्याला कळणं बंद होतं. हे वाचलं तेव्हा मला आईचा चेहरा आठवला, रात्री साडेबाराला झोपून पाचला उठणारी आई, 'मला नाही लागत जास्त झोप' म्हणणारी. आता ती नाही. खरंच लागत नव्हती का, हे विचारायचं राहून गेलं.

त्यात या वयाचं वेगळंच असतं. तेरा-चौदाव्या वर्षानंतर शरीरातलं घड्याळ उशिरा सरकतं. डोळ्यांच्या मागं, मेंदूच्या तळाशी वीसेक हजार पेशींचा एवढासा पुंजका आहे, तो सगळ्या अंगाची वेळ सांभाळतो, आणि या वयात तो मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाली हे अंगाला कळवणारं हॉर्मोन, सोडायचा इशारा उशिरा देतो. त्यामुळं पोरांना नऊला झोपा म्हटलं तरी डोळा लागत नाही, आणि पहाटे चार ही त्यांच्यासाठी आपल्या दोन-अडीचसारखी वेळ असते. अंगाचं तापमानही पहाटे सगळ्यात खाली असतं, स्नायू गार, सांधे आखडलेले. बहुतेकांचा वेग संध्याकाळी सगळ्यात चांगला असतो. आमची प्रॅक्टिस पहाटे का, तर नंतर शाळा, नंतर सरांची नोकरी, आणि दुपारचं ऊन. कुणाचा दोष नाही यात. पण दोष नाही म्हणून त्याची किंमत कुणी भरत नाही असं थोडंच आहे. गेल्या वर्षभरात तिची नडगी तीनदा दुखावली. २०१४ चा एक अभ्यास आहे, शाळकरी खेळाडूंचा, आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत व्हायचं प्रमाण १.७ पट. मी तिच्या नडगीवर बर्फ धरत होते तेव्हा हा आकडा मला माहीत होता, आणि तरी मी विचारलं नव्हतं की तू किती झोपतेस.

नाशिककरांना झोपेची किंमत कळायला खरं तर लांब जायला नको. २०१५ ला आपल्याकडचे दोघे डॉक्टर भाऊ, महाजन बंधू, अमेरिकेत रेस अॅक्रॉस अमेरिका पुरी करून आले तेव्हा अख्खं शहर ते वाचत होतं. पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर, साधारण ४८०० किलोमीटर, दोघांच्या टीमला नऊ दिवसांची मुदत. एक सायकलवर तर दुसऱ्यानं गाडीत पाठ टेकायची. दोन वर्षांनी, २०१७ ला, इथंच पोस्टिंगला असलेले लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ तीच रेस एकट्यानं बारा दिवसांच्या आत पुरी करून आले. माझे एक ओळखीचे सायकलिंग करतात, ते म्हणाले या रेसमध्ये पाय सगळ्यात शेवटी हरतात, आधी झोप हरवते. आणि झोपायचं कधी, किती मिनिटं, उठवायचं कधी, हे सायकलवाला ठरवत नाही, मागच्या गाडीतली क्रू ठरवते. कुणीतरी घड्याळ घेऊन त्याच्या झोपेजवळ बसलेलं असतं. ते ऐकून मला पुन्हा आईच आठवली, हातानं कुकरची शिट्टी उचलणारी.

झोप ज्याची त्यानं घ्यायची असते असं आपण धरून चालतो. पण ती कुणीतरी राखावी लागते.

स्टॅनफर्डचं ते बास्केटबॉलचं संशोधन सगळीकडं फिरतं, २०११ चं. अकरा खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं, त्यांचा स्प्रिंट १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आला, बास्केटमधले नेम नऊ टक्क्यांनी सुधारले. अकराच मुलं होती, तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून मी ते फार ताणत नाही. पण मला खुपतं ते वेगळंच. दहा तास अंथरूण. हॉस्टेलची खोली, पडदे, गादी. सातपूरच्या एका खोलीत हा सल्ला कुणाच्या तोंडावर फेकायचा? माझ्याकडं वेगळी खोली आहे, जाड पडदे आहेत, आणि साडेतीननंतर झोप नाही. तिच्याकडं इतकी झोप आहे की पायरीवर बसल्या बसल्या लागते, पण ती ठेवायला जागा नाही. हे काही बरोबर वाटत नाही मनाला, आणि यावर काही म्हणताही येत नाही.

शेवटी मी तिच्या घरी गेले. शिकवायला नाही, नुसती गेले. तिच्या मम्मीनं चहा केला, आलं ठेचून घातलेला, आणि पहिलं वाक्य काय तर, "काकू, ती पळताना कमी पडते का? आम्ही काही करू का?" अपराध्यासारखा चेहरा. मला इतकं वाईट वाटलं, कारण ज्या बाईची स्वतःची रात्र दोन तुकड्यांत तुटते तिला मी काय सांगणार होते. मी वही दाखवली फक्त. तिनं बोट ठेवून आकडे बघितले, कॅलेंडरवर शिफ्ट लिहिलेली असतेच घरात, भिंतीवरचं काढून शेजारी धरलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग ती म्हणाली, "ह्यांचं ताट पडवीत वाढता येईल की. लाइट तिथं नाही, पण बल्ब लावता येईल." आणि खोलीच्या मध्ये साडी बांधायची. एवढंच ठरलं. तिच्या पप्पांनी पुढच्या रविवारी वायर ओढून झिरोचा बल्ब लावला म्हणे, आणि आता ते आंघोळही आवाज न करता करतात, तांब्या बादलीवर आपटू देत नाहीत. हे मला पोरीनंच सांगितलं, सांगताना तिच्या आवाजात जरा नवल होतं, की पप्पा माझ्यासाठी तांब्या हळू ठेवतात.

टायमिंगचं लगेच काही सांगता येणार नाही. मागच्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ५:१९ आलं. थंडी कमी झाली होती, तेही असेल. सरांनी एक केलं मात्र, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तिनं बुधवारी नाही आलं तरी चालेल असं म्हणाले, वर म्हणाले, "इतर पोरांना सांगू नका."

आणि रविवारी ती माझ्याकडं येते. प्रॅक्टिस झाली की बाकीची पोरं मिसळ खायला जातात, रविवारची मिसळ कुणी चुकवत नाही आमच्याकडं, पण ती पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "काकू, मी इथं पडू का जरा?" हॉलमधल्या दिवाणावर. मी म्हटलं पड की. अर्ध्या तासाची डुलकीसुद्धा उपयोगी पडते हे मी वाचलं होतं, इंग्लंडात २००७ ला तपासलंय, रात्री चारच तास झोपलेल्या माणसांना जेवणानंतर अर्धा तास झोपवलं तर स्प्रिंट सुधारला. आपली वामकुक्षी. पण ही अर्ध्या तासात कुठली उठते.

मागच्या रविवारी मी समोर भाजी निवडत बसले होते, मेथी. सकाळचे नऊ-साडेनऊ. तिच्या मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं हलायला लागली, भराभर, डावीकडं उजवीकडं. हे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. १९५३ साली शिकागोत अॅसेरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्यानं हेच जगासमोर मांडलं, त्याआधी त्यानं स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांशेजारी तारा चिकटवून रात्र रात्र कागदावर रेघा बघितल्या होत्या. तोवर लोकांना वाटायचं झोप म्हणजे मेंदू बंद. रात्री जो शेवटचा तुकडा कापला जातो तो शरीर सकाळच्या झोपेत भरून काढायला बघतं, स्वप्नांचा. या झोपेत मेंदू अंगाचे स्नायू सैल सोडून देतो, कुणी स्वप्नात उठून पळू नये म्हणून. तरी थोडंसं निसटतंच. तिच्या उजव्या पायाचा अंगठा हलला, मग टाच, मग पुन्हा अंगठा, अगदी बारीक. चादरीच्या बाहेर आलेला पाय, घोट्यावर सॉक्सचा वळ. हाताची बोटं अर्धवट मिटलेली, लेस धरल्यासारखी.

आत कुकर ठेवला होता. शिट्टी व्हायच्या आधी उठून मी गॅस बंद केला. दाराशी तिचे बूट होते, लेस न सोडताच पायातून काढलेले. खाली गल्लीत भंगारवाला आला, त्यानं "भंगाऽऽर" म्हणायला तोंड उघडलं तशी मी मेथीची जुडी हातात घेऊनच बाल्कनीत गेले, आणि हातानं त्याला खूण केली, पुढं जा, पुढं जाऊन ओरड. त्यानं वर बघितलं, मान हलवली, आणि गाडा ढकलत कोपऱ्यापर्यंत गुपचूप गेला.